आत्मछायाचित्र : ‘मी’, अहंकार आणि साक्षित्व

स्वतःचे छायाचित्र स्वतःच काढणे ही कृती नैतिकदृष्ट्या संशयास्पद का मानली जाते, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. आत्मचरित्र लिहिणाऱ्यावर आपण आत्मप्रौढीचा संशय घेतो खरा. परंतु त्याच्या लेखनातूनच तो संशय दूर होऊ शकतो, एवढी सवलत त्याला देतो. रेम्ब्राँने ऐन तारुण्यापासून मृत्यूच्या वर्षापर्यंत स्वतःला रंगवले, त्याला आपण आत्मशोध म्हणतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र निकाल आधी लागतो आणि सुनावणी नंतर होते. २०१३ साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘सेल्फी’ हा त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडला, त्यानंतर तर आत्ममग्न पिढीविषयीच्या हळहळीला आपल्या वृत्तपत्री स्तंभांतूनही ऊत आला. चित्रात श्रम असतात, छायाचित्रात नसतात आणि श्रमाने आत्मप्रेमाचे शुद्धीकरण होते, असे काहीसे गृहीतक या भेदामागे असावे. ते तपासून घेण्याजोगे आहे. कारण श्रमाने अहंकार कमी होतो असा अनुभव निदान साहित्यव्यवहारात तरी नाही.

आरंभीच एक पारिभाषिक घोटाळा दूर करावा लागेल. ‘अहंकार’ हा शब्द आज मराठीत दोषवाचक झाला आहे. गर्व, ताठा, घमेंड यांचा तो जवळचा नातलग. सांख्यदर्शनात मात्र अहंकार हा दुर्गुण नसून एक तत्त्व आहे. प्रकृतीपासून महत्, महतापासून अहंकार आणि अहंकारापासून पुढची इंद्रियादी सृष्टी, असा तो क्रम. ईश्वरकृष्णाने ‘सांख्यकारिके’त अभिमान हेच अहंकाराचे लक्षण सांगितले आहे. अभिमान म्हणजे ‘हे मी’, ‘हे माझे’ असे एखाद्या गोष्टीकडे वळून म्हणणे. शब्दाच्या घडणीतच हे आहे : ‘अहम्’ म्हणण्याची कृती तो अहंकार. दुसरीकडे फ्रॉइडने जर्मन भाषेतले साधे ‘मी’ हे सर्वनाम नाम म्हणून वापरले. इंग्रजी अनुवादकांनी त्याच्या जागी लॅटिन ‘ईगो’ बसवला आणि आपण मराठीत त्या ‘ईगो’साठी कधी ‘अहं’, तर कधी ‘अहंकार’ योजू लागलो. परिणामी सांख्यांचे तत्त्व, फ्रॉइडचे सर्वनाम आणि कीर्तनकाराने निंदिलेला दुर्गुण या तिन्ही गोष्टी एका शब्दात कोंबल्या गेल्या. आत्मछायाचित्राविषयीची आपली बरीचशी चर्चा या कोंबाकोंबीमुळे निष्फळ झाली आहे.

प्रस्तुत लेखात अहंकार हा शब्द त्याच्या क्रियावाचक अर्थाने घेतला आहे. तसा तो घेतला की प्रश्नाचे रूप बदलते. प्रतिमा निर्माण करणे ही एक गोष्ट आणि त्या प्रतिमेकडे बोट दाखवून ‘हा मी’ असे म्हणणे ही दुसरी. अहंकाराचे स्थान पहिलीत नाही, दुसरीत आहे. या दोहोंमध्ये अंतर किती राहते आणि ते अंतर कोणाच्या ताब्यात असते, यावर आत्मछायाचित्राचा नैतिक विचार व्हावयास हवा, असे माझे प्रतिपादन आहे.

छायाचित्रणकलेच्या अगदी उगमाशी या दोन्ही शक्यता शेजारी-शेजारी उभ्या आहेत. १८३९ साली फिलाडेल्फियात दिव्यांच्या व्यवसायातील रॉबर्ट कॉर्नेलियस या तरुणाने स्वतःचे डॅगेरोटाइप घेतले. विस्कटलेले केस, किंचित बाजूला कललेली मान आणि मागील बाजूस हे प्रकाशाने काढलेले पहिलेच चित्र असल्याची नोंद. हा दावा इतिहासाच्या दृष्टीने बरोबर नव्हता, पण दाव्याची निकड लक्षणीय आहे. प्रतिमा हाती येताच तिच्या पाठीवर अहंकार उमटला.

पुढच्याच वर्षी, १८४० च्या ऑक्टोबरात, पॅरिसमध्ये इपोलित बायार याने जे केले ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. बायार हा अर्थखात्यातील एक कारकून. कागदावर थेट धनप्रतिमा उमटविण्याची स्वतंत्र पद्धत त्याने शोधली होती आणि १८३९ च्या जूनमध्येच आपली छायाचित्रे जाहीरपणे मांडलीही होती. परंतु फ्रेंच शासनाने मान्यता दिली ती डॅगेरला. त्याला वर्षाला ६,००० फ्रँकचे तहहयात निवृत्तिवेतन मिळाले. बायारची बोळवण उपकरणांसाठी ६०० फ्रँक देऊन झाली. तेव्हा त्याने स्वतःचे छायाचित्र घेतले ते बुडून मेलेल्या माणसाचे. उघडे अंग, कमरेखाली कापड, भिंतीला टेकलेले डोके, मिटलेले डोळे. प्रतीच्या मागे त्याने मजकूर लिहिला, तोही तृतीय पुरुषात. त्याचा आशय असा की, आपण पाहता आहात ते बायारचे प्रेत असून शासनाने डॅगेरला भरभरून दिले आणि बायारसाठी काही करता येत नाही असे सांगितले, म्हणून त्या बिचाऱ्याने पाण्यात उडी घेतली. चेहरा व हात काळपट दिसतात याचे कारण प्रेत कुजू लागले आहे, असेही त्यात सुचविले आहे. ते बहुधा उन्हाने रापलेल्या कातडीचे काम असावे. बायार पुढे १८८७ पर्यंत जगला.

या चित्रात अहंकार आहे काय? व्यवहारातील अर्थाने भरपूर आहे. मान नाकारल्या गेलेल्या संशोधकाचा हा दुखावलेला अभिमान आहे, त्यात थोडी स्वतःविषयीची कणव आहे आणि टवाळखोरीही आहे. परंतु क्रियावाचक अर्थाने पाहिले तर विलक्षण गुंतागुंत दिसते. ‘हा मी’ म्हणावयाचे तर ‘हा’ मेलेला आहे. ‘मी मेलो आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही खरेपणाने उच्चारता येत नाही, आणि बायारने ते उच्चारण्यासाठी प्रथम पुरुष टाकून तृतीय पुरुष स्वीकारला. शिवाय डोळे मिटण्यामागे तांत्रिक कारणही होतेच. त्या पद्धतीत कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. इतका वेळ उघडे ठेवलेले डोळे पुसट उमटत. निरुपायाने मिटलेल्या डोळ्यांनाच त्याने मृत्यूचा अर्थ दिला. पाहणारा ‘मी’ चित्र घडत असताना पाहत नाही, ही गोष्ट त्याने लपविली नाही. तिलाच चित्राचा विषय केले.

येथे आत्मछायाचित्राच्या यांत्रिक प्रक्रियेकडे थोडे बारकाईने पाहावे लागेल. चित्रकार आरशात पाहतो, कुंचला टेकवतो, पुन्हा पाहतो. त्याच्या आत्मचित्राच्या प्रत्येक रेषेला त्याची संमती असते. छायाचित्रकाराचे तसे नाही. दुसऱ्याचे छायाचित्र काढताना तो कॅमेऱ्यामागे द्रष्ट्याच्या स्थानी असतो. स्वतःचे काढावयाचे तर त्याला ते स्थान सोडून पुढे यावे लागते. सेल्फ-टायमरची कळ दाबून तो धावत येतो, किंवा लांब केबल हातात धरून बसतो. आणि शटर उघडते त्या क्षणी कॅमेऱ्यामागे कोणीच नसते. द्रष्टा दृश्य झालेला असतो आणि द्रष्ट्याची जागा रिकामी असते. जे उमटते ते रोल धुऊन येईपर्यंत त्याला ठाऊक नसते. फिल्मच्या काळातले प्रत्येक आत्मछायाचित्र या रिकाम्या जागेतून गेलेले आहे. त्यात अहंकाराला काही काळ, तो दोन दिवसांचा असो की दोन महिन्यांचा, थांबावे लागे. मी या मध्यंतराला नैतिक मूल्य देतो. त्यामागे गतकाळाविषयीची हुरहुर नाही. स्वतःच्या प्रतिमेवरील पूर्ण हुकमत तेवढ्यापुरती सोडण्याची ती यंत्राने लादलेली अट होती, आणि लादलेल्या अटींतूनही माणसे काही शिकतात.

रोलाँ बार्थ याने १९८० साली प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रविषयक पुस्तकात भिंगासमोर बसलेल्या माणसाचे चार ‘मी’ सांगितले आहेत : स्वतःला वाटतो तो, इतरांना वाटावा असे वाटते तो, छायाचित्रकाराला वाटतो तो आणि छायाचित्रकार आपल्या कलेसाठी वापरतो तो. हे विवेचन आपल्याकडे बरेच उद्धृत होते. परंतु छायाचित्रकार आणि बसलेला माणूस एकच असेल तर या चौघांचे काय होते, याचा विचार फारसा झालेला नाही. वरवर पाहता तिसरा पहिल्यात आणि चौथा दुसऱ्यात विरून जावा. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण मध्ये ती रिकामी जागा आहे. रोल धुऊन आल्यावर ‘हा मी वाटत नाही’ असे म्हणणारा माणूस नेमका कोणाबद्दल बोलत असतो? स्वतः काढलेल्या छायाचित्रातही एक परका उरतोच. १९४९ च्या झुरिक येथील निबंधात लकाँने असे मांडले की, सहा ते अठरा महिन्यांच्या वयात मूल आरशातल्या अखंड प्रतिमेला ‘मी’ म्हणून कवटाळते आणि ‘मी’ची ही पहिली ओळखच गफलतीची असते. ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’त आणि ‘चांगदेव पासष्टी’त आरशाचा दृष्टान्त योजला आहे तो निराळ्याच दिशेने. मुख मुखाच्या ठिकाणी आधीच आहे. आरसा त्यात काही घालत नाही, केवळ पाहणे आणि पाहिले जाणे असा दुजेपणाचा भास उभा करतो. लकाँच्या मते आरशापूर्वी ‘मी’ नाही, ज्ञानदेवांच्या मते आरशापूर्वीही स्वरूप आहेच. या दोघांना एका माळेत ओवण्याची जी हौस अलीकडच्या काही प्रबंधांतून दिसते ती टाळलेली बरी. पण आरशात दिसतो तो ‘मी’ नव्हे, एवढ्या नकारापुरते दोघे एकमेकांच्या शेजारी उभे राहू शकतात.

या चर्चेला भारतीय छायाचित्रणातून मिळणारे सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे उमराव सिंग शेर-गिल (१८७०–१९५४) यांचे. अमृता शेर-गिल हिचे वडील एवढीच त्यांची ओळख दीर्घकाळ राहिली. मजिठियांच्या सरदार घराण्यात जन्मलेला, संस्कृतचा आणि तत्त्वज्ञानाचा व्यासंगी, टॉलस्टॉयचा चाहता, योगाभ्यासी असा हा गृहस्थ सुमारे सहा दशके स्वतःची छायाचित्रे काढत होता. बुडापेस्ट, सिमला, पॅरिस अशी स्थाने बदलत गेली, वय वाढत गेले आणि कॅमेरा समोर राहिला. कधी ग्रंथांच्या सान्निध्यात, कधी उघड्या अंगाने योगमुद्रेत. प्रदर्शनासाठी हे काम नव्हते. कुटुंबाबाहेर ते बहुतांशी अज्ञातच राहिले. आता विरोधाभास पाहा. अहंकाराचा निरास हे ज्या साधनेचे ध्येय, ती साधना करीत असलेला देह हा माणूस छायाचित्रात नोंदवून ठेवतो. याला दांभिकपणा म्हणावे काय? तसे म्हणणे सोपे आहे. परंतु ही चित्रे ओळीने पाहिली तर गर्वापेक्षा एक प्रकारची चिकाटी जाणवते. एखाद्या अभ्यासकाने रोज हवामानाची नोंद करावी तशी. देह पिकत जातो, दाढी पांढरी होते, मुद्रेवरचा प्रश्न मात्र तोच राहतो. सांख्यांचा पुरुष हा साक्षी आहे, तो काही करीत नाही, केवळ पाहतो. उमराव सिंगांनी साक्षीची ही भूमिका यंत्राकडे सोपविली आणि स्वतः प्रकृतीच्या बाजूला, म्हणजे पाहिले जाणाऱ्याच्या बाजूला येऊन बसले, असे या छायाचित्रांचे वाचन करता येईल. ते सर्वांना पटेलच असे नाही. सरंजामी घराण्यातील पुरुषालाच इतका अवकाश, इतका वेळ आणि इतक्या काचा परवडतात, हा आक्षेपही विसरता येणार नाही.

त्याच घरात मुलगीही स्वतःची आत्मचित्रे रंगवीत होती. १९३४ साली अमृताने स्वतःला ताहितीच्या स्त्रीच्या रूपात रंगवले, तेव्हा गोगँच्या नजरेने घडविलेल्या स्त्रीदेहाच्या जागी तिने आपला देह ठेवला. पुढे उमराव सिंगांचे नातू विवान सुंदरम यांनी २००१-०२ च्या सुमारास ‘री-टेक ऑफ अमृता’ या मालिकेत आजोबांची छायाचित्रे आणि मावशीची चित्रे संगणकाच्या साह्याने एकमेकांत मिसळली. त्या चौकटींत वडील-मुलगी एकमेकांकडे अशा रीतीने पाहतात, जसे ते मूळ छायाचित्रांत कधी पाहत नव्हते. उमराव सिंगांचा ‘मी’ येथे नातवाच्या कल्पनेचा कच्चा माल झाला आहे. आत्मछायाचित्र काढणारा ‘हा मी’ म्हणू शकतो, पण ‘हा मीच राहीन’ असे म्हणू शकत नाही.

आतापर्यंतची उदाहरणे अशांची आहेत ज्यांना ‘मी’ म्हणण्याचा अधिकार समाजाने आधीच दिलेला होता. प्रश्नाची दुसरी बाजू याहून महत्त्वाची. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड प्रसिद्ध झाले, त्यांत जाती-जमातींचे नमुने म्हणून माणसांची छायाचित्रे होती. पुढे पोलिसी नोंदी आणि मानवशास्त्रीय मोजमापे यांनी हेच काम अधिक काटेकोरपणे केले. ज्यांची प्रतिमा सदैव दुसऱ्यानेच काढली, वर्गीकृत केली आणि खणात ठेवली, त्यांनी कॅमेरा स्वतःकडे वळविला तर त्याला अहंकार म्हणावयाचे काय? ‘हा मी’ हे म्हणणे येथे ‘हा नमुना’ या म्हणण्याचे खंडन असते. पुष्पमाला एन. यांनी २००० ते २००४ या काळात क्लेअर आर्नी यांच्यासह केलेल्या मालिकेत मागे चौकटींचा पट लावून देहाची मापे दाखविणारी वसाहतकालीन छायाचित्रे पुन्हा उभी केली आणि नमुन्याच्या जागी स्वतः उभ्या राहिल्या. त्याआधीची ‘फँटम लेडी ऑर किस्मत’ (१९९६–९८) ही मुंबईत घडविलेली छायाचित्रकथा. तिच्यात त्या चित्रपटातल्या साहसी नायिकेच्या वेशात शहरभर वावरतात. तेथेही शटर दाबणारा हात दुसऱ्याचा, मीनल अगरवाल यांचा होता. सिंडी शर्मन हिने १९७७ ते १९८० या काळातील चित्रपट-स्थिरचित्रांच्या मालिकेत सर्वत्र स्वतःलाच बसविले आणि ही आत्मचित्रे नव्हेत असे सांगितले. कळ कोणी दाबली यावर आत्मछायाचित्राचे कर्तृत्व ठरत नाही, आणि चेहरा कोणाचा आहे यावरही ठरत नाही, हे या दोघींमुळे ध्यानात येते.

मराठी वाचकाला ही फोड परकी वाटू नये. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दया पवार आणि दगडू मारुती पवार असे दोघे समोरासमोर येतात, एक सांगतो, दुसरा ऐकतो. एम.ए.च्या वर्गात ही रचना शिकविताना विद्यार्थी विचारतात, यांतला खरा कोण? प्रश्न चुकीचा आहे, पण त्याच्या चुकीतच उपयोग आहे. दगडूकडे बोट दाखवून ‘हा मी’ म्हणण्यासाठी लेखकाला आधी त्याच्यापासून दूर जावे लागले आणि ते दूर जाणे हेच त्या पुस्तकातले सल आहे. दलित स्वकथनांवर आत्मकेंद्रितपणाचा आरोप करणाऱ्यांना ‘मी’ची ही किंमत कधी मोजावी लागली नव्हती. जनाबाईची नाममुद्राही याच संदर्भात आठवते. ‘नामयाची जनी’ असे म्हणताना तिने आपले नाव दुसऱ्याच्या नावाला जोडले. त्यात नम्रता आहे, दास्याची वास्तव स्थिती आहे आणि तरीही अभंगाखाली सही आहे. अहंकार आणि अस्मिता यांतली सीमारेषा इतकी बारीक असते.

आता फोनकडे वळू. २०१० नंतर पुढच्या बाजूलाही कॅमेरा असलेले फोन सर्रास झाले आणि आत्मछायाचित्राची यांत्रिक अटच बदलली. पडद्यावर स्वतःचा चेहरा हलताना दिसतो, तो मनासारखा झाला की बोट टेकते. द्रष्ट्याची रिकामी जागा नाहीशी झाली. शिवाय पडदा आरशासारखा वागतो : डावे-उजवे उलटून दाखवितो. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी मानसशास्त्रीय प्रयोगात असे आढळले होते की, माणसांना स्वतःच्या चेहऱ्याची आरशातली बाजू अधिक आवडते, तर त्यांच्या मित्रांना उलट बाजू, म्हणजे प्रत्यक्षात दिसणारी, अधिक आवडते. सवयीने ज्याला त्याला आपापले ओळखीचे रूप प्रिय. फोनचा पडदा माणसाला ते ओळखीचे रूपच आधी दाखवतो. परका वाटणारा, ‘हा मी वाटत नाही’ असे म्हणावयास लावणारा चेहरा उमटण्यापूर्वीच दुरुस्त होतो आणि चुकून उमटलाच तर पुसला जातो. तरुण मुले स्वतःची फार छायाचित्रे काढतात, या तक्रारीत मला तथ्य वाटत नाही. उमराव सिंगांनीही काढलीच. चिंता असलीच तर ती पुसून टाकलेल्या छायाचित्रांची आहे. छत्तीस चित्रांच्या रोलमध्ये नकोसा ‘मी’ही धुऊन समोर येत असे, त्याचे पैसे मोजावे लागत आणि तो घरातल्या पाकिटात पडून राही. वीस वर्षांनी कोणीतरी तो काढून पाही आणि म्हणे, तू नेमकी अशीच होतीस.

या मुद्द्याच्या अगदी टोकाचे उदाहरण व्हिव्हियन मायर (१९२६–२००९) हिचे. शिकागोत लोकांची मुले सांभाळणाऱ्या या बाईने एक लाखाहून अधिक छायाचित्रे काढली आणि जवळजवळ कोणालाही दाखविली नाहीत. २००७ साली तिने भाड्याने घेतलेल्या गोदामाचे भाडे थकले, आतल्या खोक्यांचा लिलाव झाला आणि ती निगेटिव्हे अनोळखी माणसांच्या हाती गेली. त्यांत तिची स्वतःची छायाचित्रे पुष्कळ आहेत : दुकानांच्या काचांत, आरशांत, कधी फुटपाथवर पडलेली नुसती सावली. तिचा रोलिफ्लेक्स छातीशी किंवा कमरेशी धरावयाचा कॅमेरा असल्याने चेहरा झाकला जात नाही. वरून खाली दुधी काचेत पाहावे लागते. त्या काचेत डावे-उजवे उलटलेले असते, म्हणून आरशातले उलटे बिंब तेथे पुन्हा उलटून सरळ होते. स्वतःला इतरांना दिसते तसे पाहण्याची सोय तिला त्या यंत्रात आयतीच मिळाली होती. परंतु बऱ्याच चित्रांत ती काचेत पाहतच नाही; आरशात, किंवा आरशापलीकडे कोठेतरी पाहते. हसू क्वचित. ‘हा मी’ असे कोणाला सांगण्याची धडपड नाही.

आणि शेकडो रोल तर तिने धुतलेच नाहीत. त्यांतले बरेच तिच्या मृत्यूनंतर इतरांनी धुतले. तिच्या आत्मछायाचित्रांचे स्वतंत्र पुस्तक २०१३ मध्ये निघाले, प्रती मर्यादित संख्येत विकल्या जाऊ लागल्या आणि २०१४ पासून स्वामित्वहक्काचा वाद न्यायालयात गेला. ‘हे माझे’ असे म्हणणारे अनेक जण पुढे आले. वारसांचा शोध फ्रान्सपर्यंत गेला. सांख्यांच्या भाषेत बोलावयाचे तर अभिमान सगळा त्या बाजूला होता. कोणत्या निगेटिव्हची प्रत काढावी, चौकट कोठे कापावी, कोणता चेहरा मुखपृष्ठावर द्यावा, हे तिच्याविना ठरले. तिने यांतली कोणती निवडली असती, किंवा एखादी तरी निवडली असती काय, हे ठरविण्याचा कोणताही आधार त्या खोक्यांत सापडलेला नाही.